ज्यानं जोडली, त्यानं मागं बसायचं

लग्न ठरवताना लोक मुलाची नोकरी बघतात, घरदार बघतात, चार जणांत गुपचूप चौकशी करतात. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी माझ्या हातात हेल्मेट दिलं आणि म्हणाल्या, "बसा मागं."

मी तेव्हा चष्म्याच्या दुकानात होतो, आजही आहे. लोकांची नजर तपासणं हा माझा धंदा, पण त्या दिवशी तपासणी माझी होती. टेकडीचा रस्ता, वळणामागून वळण, आणि प्रत्येक वळणावर गाडी इतकी कलायची की माझा गुडघा आता रस्त्याला लागतो की मग, असं वाटायचं. परत आलो. सासूबाईंनी हेल्मेट काढलं, केस सारखे केले आणि मुलीला माझ्यासमोरच सांगितलं, "घाबरट आहे. पण मी कलले की माझ्याबरोबर कलतो. स्वतःची अक्कल चालवून उलटा झुकत नाही. कर लग्न."

आमच्या लग्नाला मुहूर्त लागला तो असा. पुढे मला कळलं की हा त्यांचा लहरीपणा नव्हता, त्यांच्या कारखान्याची ती रीतच होती.

कारखाना लहानसा. एक लांबलचक शेड, मागे अंगण, अंगणाला फाटक, आणि फाटकातून निघालेला रस्ता सरळ टेकडीवर पाण्याच्या टाकीपर्यंत. मालक दोघे भाऊ, दोघांनाही शर्यतींचं वेड. जिंकले कमी, आपटले जास्त. पण आपटल्यावर गाडीचं काय चुकलं ते हेरून उठायचे, आणि त्यातूनच त्यांच्या त्या हलक्या, लाल, चपळ मोटरसायकली तयार झाल्या. वर्षाला मोजक्याच निघत. घेणारे वेडे होते आणि बनवणारे त्यांच्याहून वेडे.

तिथे एक गाडी एकाच माणसाने अथपासून इतिपर्यंत जोडायची. एकदा थोरले मालक नवी गाडी तपासायला घेऊन गेले आणि ब्रेकचा नट ढिला राहिल्यामुळे गळ्याचं हाड मोडून परत आले. हात गळ्यात बांधलेला, तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी ती गाडी जोडणाऱ्याला बोलावलं. शिव्या दिल्या नाहीत. टेस्ट रायडरला, म्हणजे नव्या गाड्या चालवून बघणाऱ्याला, म्हणाले, "याला मागं बसव आणि टाकीपर्यंत जाऊन ये." तेव्हापासून नियमच झाला: ज्यानं जोडली, त्यानं मागं बसायचं. हातात पाना घेतला की प्रत्येकाला आपली बायकापोरं आठवायची. नट ढिला राहिल्याची तक्रार त्या कारखान्यात पुन्हा कधी आली नाही.

सासूबाई तिथे वायरी जोडायला लागल्या होत्या. मग पूर्ण गाडी जोडायला शिकल्या. पहिली गाडी जोडून झाल्यावर रीतीप्रमाणे टेस्ट रायडरच्या मागे बसून टेकडीवर गेल्या. खाली उतरल्यावर त्या अनुभवी माणसाला ही नवखी बाई म्हणाली, "गाडी बरोबर आहे, पण शेवटच्या वळणावर तुम्ही भ्यालात." तो चिडला. मग म्हणाला, "मग तूच चालव." त्याला वाटलं असेल, गप्प बसेल. गप्प बसणं हा गुण आमच्या सासूबाईंमध्ये देवाने घातलेलाच नाही. त्यांनी चालवली. त्या माणसाचे गुडघे दुखायला लागल्यावर जागा त्यांनाच मिळाली.

उंची इतकी कमी की गाडीवर बसल्यावर जमिनीला फक्त चवडे टेकायचे. पण एकदा गाडी सुटली की उंचीचा प्रश्न कुणाला पडत नसे. टेकडीवरून परत आल्यावर गाडी पसंत असेल तर त्या छोट्या ब्रशने सीटखाली पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायच्या. ठिपका नसलेली गाडी फाटकाबाहेर जात नसे. मालकांनाही तिथे बोलता येत नव्हतं. सगळा कारखाना त्यांना ताई म्हणायचा, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा.

घरी सगळं याच्या उलट. सासरे ग्रंथालयात कामाला, आवाज इतका हळू की जेवताना मीठ मागितलं तरी दोनदा विचारावं लागायचं. स्वयंपाक त्यांचा, आवाज सासूबाईंचा. उभ्या आयुष्यात ते बायकोच्या गाडीवर बसले नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मी कुठं जोडलीय? मी कशाला बसू?"

मग दोघे भाऊ थकले. मुलं दुसऱ्या उद्योगांना लागलेली. कारखाना एका मोठ्या कंपनीने घेतला. ती कंपनी स्कूटर बनवते, रोजच्या वापराच्या साध्या गाड्या बनवते, आणि एक भलीमोठी महागडी मोटरसायकल बनवते, जिच्या जाहिरातीत एक दाढीवाला माणूस कायम मावळत्या सूर्याकडे निघालेला असतो. पोचतो कधी ते कळत नाही.

नव्याचे नऊ दिवस छान गेले. शेडमध्ये नवे दिवे आले, चहा प्यायला टेबलखुर्च्या आल्या. मोठ्या कंपनीचे लोक यायचे, लाल गाड्यांवरून हात फिरवायचे, "तुमची ओळख तशीच जपू" म्हणायचे. मग एक दिवस शर्यतीचा संघ बंद झाला. मग हॉर्न आणि आरसे स्कूटरचेच लावा असं ठरलं. वाऱ्यासारखी पळणारी गाडी, आणि हॉर्न वाजवला की शेळी ओरडल्यासारखा आवाज. मग आमच्या गाड्यांची स्वतंत्र दुकानं बंद करून त्या मोठ्या कंपनीच्या शोरूममध्ये नेल्या. पार मागे, स्कूटरच्या रांगेआड, संडासच्या दाराशेजारी. गिऱ्हाइकाने मुद्दाम विचारलं तरच विक्रेता हात वर करून दिशा दाखवायचा, आणि ती दिशा बघून निम्म्या लोकांचा गैरसमज व्हायचा.

गाड्या खपेनात. मोठी कंपनी म्हणे, खपत नाहीत तर नव्या मॉडेलला पैसा कशाला? आणि स्वतःच्या हिमतीवर काही करू म्हटलं तर परवानगी नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. सासूबाई घरी येऊन भांडी आदळायच्या आणि सासरे हळूच काचेची भांडी वरच्या फळीवर ठेवायचे.

तरीही त्या शेडमध्ये एक नवं इंजिन जन्माला आलं. ते करणाऱ्याला सगळे डॉक्टर म्हणायचे, कारण त्याचं अक्षर कुणाच्या बापाला लागत नसे. डोक्यावर केस कमी आणि तक्रारी जास्त, असा माणूस. मिळेल त्या सामानातून, मिळेल त्या वेळात, त्याने काही वर्षं खपून ते इंजिन उभं केलं. पहिली गाडी सासूबाईंनी टेकडीवर नेली, मागे डॉक्टर. परत आल्यावर सासूबाई गाडीवरून उतरल्याच नाहीत. तशाच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, घरी जा आणि आईला सांग, तुझा मुलगा वाया गेला नाही." आणि पुन्हा एक चक्कर मारून आल्या, बिनकामाची. असं त्यांनी पूर्वी कधीच केलं नव्हतं.

ती गाडी मोठ्या कंपनीच्या दाढीवाल्या गाडीपेक्षा जास्त पळत होती. किंमत निम्मी. आता सांगा, नाकापेक्षा मोती जड झाला तर नाकाने काय करावं? वरून हुकूम आला: नवी गाडी काढा, पण तिचा वेग आमच्या गाडीच्या खाली राहिला पाहिजे. इंजिनात जिथून हवा शिरते तिथे एक ॲल्युमिनियमचं कडं बसवायचं. बोटात घालावं एवढंसं. त्याने हवेची वाट अरुंद होते आणि इंजिनाचा श्वास अर्ध्यात अडतो. आणि पहिल्या खेपेच्या गाड्या वेळेत बाहेर पडल्या नाहीत, तर लाल गाड्या कायमच्या बंद, शेडमध्ये स्कूटरचं काम सुरू.

कडं बसवलेली पहिली गाडी सासूबाईंनी नेली, मागे डॉक्टर. चढावर खडीचा ट्रक होता. त्याला मागे टाकायला त्यांनी मूठ पिळली, गाडी जोमाने सुटली आणि ट्रकच्या बरोबरीला येताच मलूल पडली. त्यांना पुन्हा ट्रकच्या मागे यावं लागलं. अंगणात उतरून त्यांनी डॉक्टरला विचारलं, "हे कडं तू बसवलंस?"

"बसवलं मी, ताई. ठरवलं नाही मी."

"मग गाडी तू जोडली नाहीस. ज्यानं ठरवलं त्यानं जोडली. त्याला बोलव मागं बसायला."

आणि ब्रश उचलून ठेवून दिला.

पुढचे काही दिवस त्या अंगणात जो तमाशा झाला, तो कारखान्यातले लोक अजून रंगवून सांगतात. आधी मॅनेजर आला. बिचारा चांगला माणूस. सासूबाईंमागे बसला, टाकीपर्यंत जाऊन आला, पांढराफटक होऊन म्हणाला, "ताई, मी फक्त हुकूम खाली पाठवला." मग मोठ्या कंपनीचा कुणी टायवाला आला. तोही बसला. "मी फक्त सही केली." त्याच्यावरचा आला, त्याने बसायच्या आधीच सांगितलं की हा निर्णय समितीचा आहे. सासूबाई म्हणाल्या, "मग समितीला आणा, एकेक करून बसवते." गाडीचा गळा आवळला गेला होता आणि हात कुणाचेच नव्हते. मला सासूबाईंचा तेव्हा जो अभिमान वाटला, तो मी त्यांना सांगितला नाही, कारण त्या म्हणाल्या असत्या, "जावईबापू, दुकानात गिऱ्हाइकं नाहीत वाटतं?"

त्या तमाशाच्या शेवटच्या दिवशी मात्र मी दुकान सोडून तिथे गेलो होतो. त्यांचा नवा चष्मा तयार झाला होता, तो द्यायला. अंगणात पोचलो तर एक काळी गाडी उभी आणि तिच्यातून एक उंच, पिकल्या केसांचा माणूस उतरत होता. मोठ्या कंपनीचे सर्वांत मोठे साहेब. मॅनेजर त्यांच्यामागे सावलीसारखा.

"ताई कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी," सासूबाई म्हणाल्या.

"कडं बसवायचं मी ठरवलं. समिती वगैरे काही नाही. मी सांगितलं आणि त्यांनी माना हलवल्या. कुठं बसायचं?"

साहेबांनी कोट काढला आणि जवळ कोण आहे ते न बघता माझ्या हातात दिला. मी तो घेऊन उभा राहिलो. मोठ्या माणसाचा कोट जड असतो, एवढं मला त्या दिवशी कळलं.

टेकडीवर काय झालं ते सासूबाईंनी नंतर घरी सांगितलं, आणि त्या पदरचं काही घालत नाहीत. चढावर ट्रक नव्हता, बस होती. गाडी तशीच बरोबरीला येऊन मलूल पडली आणि त्या पुन्हा बसच्या मागे आल्या. टाकीपाशी थांबल्यावर साहेब म्हणाले, "तुमची गाडी माझ्या गाडीपेक्षा चांगली आहे, ताई. मला माहीत आहे. पण माझ्या त्या एका गाडीवर दोन मोठे कारखाने चालतात. तुमच्या गाडीनं तिची गिऱ्हाइकं ओढली, तर तिथली माणसं घरी बसतील. तुमच्या शेडमधल्या लोकांपेक्षा ती फार जास्त आहेत."

"आणि खोटं बोलताय असं मी म्हटलं तर?"

"म्हणा. पण मी बोलत नाही."

सासूबाई म्हणाल्या, "इतक्या दिवसांत 'मी' म्हणणारे तुम्ही पहिले. रीत पाळलीत. ब्रेक चांगले आहेत, चाकं सरळ आहेत, गाडीपासून कुणाला धोका नाही. नुसती मन मारून पळते. मी ठिपका देईन. पण त्याआधी एकदा कडं काढून बसा माझ्या मागं. काय अडवलंय ते अंगाला कळू दे."

ते खाली आले आणि काय ठरलं ते सासूबाईंनी डॉक्टरला सांगितलं. डॉक्टरने ते कडं असं झटक्यात काढलं की जणू स्वतःच्या घशात अडकलेलं हाड काढतोय. गाडी पुन्हा फाटकाबाहेर पडली. आवाज चढत गेला, चढत गेला, थांबेचना. शेडमधले सगळे दारात येऊन उभे होते. डॉक्टर डोळे मिटून ऐकत होता.

परत आल्यावर साहेबांनी हेल्मेट काढलं आणि ते हसत होते. तोंडभर, शाळा सुटल्यासारखे. केस विस्कटलेले, डोळ्यांत वाऱ्याचं पाणी. त्यांनी डॉक्टरचा हात दोन्ही हातांत धरला. "काय इंजिन केलंय हो! माझ्या इतक्या वर्षांत असं..." मला वाटलं, जिंकलो. दारातल्या प्रत्येकाला वाटलं. कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवातही केली.

"मग कडं?" डॉक्टरने विचारलं.

साहेबांचं हसू गेलं नाही लगेच. हळूहळू उतरलं. "कडं राहील," ते म्हणाले.

माझ्या हातातून त्यांनी कोट घेतला, मला "थँक्यू" म्हणाले, सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि गेले. मला तो कोट चिखलात टाकावासा वाटला होता, हे इथे सांगून टाकतो. उशीर झाला होता एवढंच.

डॉक्टरने कडं बाकावर फेकलं. "मी नाही बसवणार. माझ्या हातानं नाही. ताई, तुम्ही शब्द द्यायलाच नको होता."

"त्यानं 'मी' म्हटलं, डॉक्टर. ज्यानं म्हटलं त्याच्याशीच आपण खोटं वागायचं? मग बाकीचे बरे होते." त्यांनी दारातल्या लोकांकडे नजर टाकली. "आणि गाड्या निघाल्या नाहीत तर उद्या ही सगळी कुठं जाणार, सांग."

सासूबाईंनी बाकावरचं कडं उचललं, माझ्याकडे हात केला, मी नवा चष्मा दिला, त्यांनी तो डोळ्यांवर चढवला आणि पाना घेऊन गाडीशी बसल्या. कितीतरी वर्षांनी त्यांच्या हातात पाना होता. कुणी मदत करू गेला तर हातानेच मागे सारला. कडं बसवलं, नट घट्ट केले, पुन्हा एकदा प्रत्येकाला पाना लावून बघितला. उठल्या, हात पुसले आणि आपलं हेल्मेट डॉक्टरपुढे धरलं.

"घे. चालव."

"मी?"

"मग काय जावईबापू चालवणार? गाडी उघडली होती, पुन्हा जोडली. कुणी जोडली?"

डॉक्टरने मान खाली घातली. "तुम्ही."

"मग मला मागं बसायचंय."

टेस्ट रायडर झाल्यापासून त्यांना कुणाच्या मागे बसलेलं आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. डॉक्टर पुढे बसला, सासूबाई दुसरं हेल्मेट घालून मागच्या सीटवर चढल्या, आणि त्या किती लहानखुऱ्या आहेत ते मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. दोन्ही हात त्यांनी डॉक्टरच्या खांद्यांवर ठेवले. गाडी फाटकातून बाहेर गेली. आम्ही सगळे अंगणात उभे राहून ऐकत होतो. चढावर आवाज वर गेला, आणखी वर गेला, आणि जिथे अडायचा तिथे अडला. दारातला एक जोडारी, चांगला धिप्पाड माणूस, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

परत आले तेव्हा डॉक्टरचा चेहरा कोरा होता. सासूबाई उतरल्या. हेल्मेट काढलं तर चेहरा पूर्ण भिजलेला, आणि तो लपवायला त्यांनी काहीही केलं नाही. तशाच चालत बाकापाशी गेल्या, ब्रश पिवळ्या रंगात बुडवला, सीट उचलली आणि ठिपका दिला. हात जरासुद्धा हलला नाही.

मग त्यांनी सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पुढची गाडी कुणी जोडलीय?"

भिंतीकडे तोंड करून उभा असलेला तो धिप्पाड जोडारी डोळे पुसत वळला.

"मी, ताई," तो म्हणाला आणि हेल्मेट घ्यायला पुढे आला.